विसर्जन नसलेला गणपती

पेण, आषाढातली संकष्टी, दिवेलागण

रोह्याहून लेक आली. जपानी कंपनीचा नवा खेळ तिने टीव्हीला जोडला. पूर्वी ही कंपनी आपल्याच लोकांपुरते खेळ करायची. आता साऱ्या जगात विकायचे, म्हणून देशोदेशीचे देखावे गोळा करते. गेल्या साली कंपनीची माणसं आमच्या कारखान्यातल्या एका गणपतीचे चारी बाजूंनी फोटो काढून गेली. त्याचे डोळे आखायचे बाकी होते. डोळे आखले की मूर्तीत देव येतो, त्याआधी ती नुसती मातीच, म्हणून मी हो म्हटलं.

आज पडद्यावर त्याला डोळे होते. डावा किंचित खाली, माझा हात पडतो तसाच.

"बाबा, तुम्हीच आखलेत ना?"

"नाय गो."

"मी सरकले तरी माझ्याकडंच बघतोय!"

"विसर्जन कधी दाखवतात?"

"खेळात कसलं विसर्जन? जगात कोणीही बटण दाबलं की हा जागा."

कारखान्यात येऊन, न विकता तशीच राहिलेल्या त्या मूर्तीवरचं कापड काढलं. चेहरा अजून कोराच आहे. मग तो डावा डोळा? उद्या आंघोळ करून मीच आखीन, पूजा करीन, भोगावती नदीत सोडीन. मग तिकडे पडद्यावरचे डोळे मिटतील का, देवा?