आजोबांविरुद्धचा ठराव

७ एप्रिल

चि. ठकूस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. सांगतेय मी, लिहिताहेत तुझे आजोबा. मला अक्षर ओळखता येत नाही, पण हा माणूस माझा एक शब्द गाळणार नाही, मग स्वतःची निंदा का असेना. फौजेची शिस्त! तेव्हा लिहा हो: म्हातारा फार डोकं खातोय.

शिबिराला महिना आहे आणि स्वारीची ट्रंक आत्ताच दारात. फौजेतून सुटल्यापासून दर उन्हाळ्यात हेच. आठ दिवस पोरापोरींनी आपलं गाव आपण चालवायचं, सभा भरवायची, निवडणूक घ्यायची, पाणी-झाडलोट वाटून घ्यायची, आणि ह्यांनी फुकट राबायचं. यंदा शिबिराची प्रमुख तू, म्हणून छाती फुगलीय ती वेगळीच. ह्यांना काम कोणतं ते लवकर कळव, म्हणजे मी सुटेन.

जीव लावतेस तसाच लाव.
तुझी आजी

१६ एप्रिल

ती. आजीस,

सा. न. वि. वि. हे पत्र फक्त तुला. गेल्या वर्षी आजोबा शिबिरात विहिरीपाशी चक्कर येऊन पडले. त्यांनी तुला सांगितलं नसणार. परवा तयारीसाठी भरलेल्या मुलांच्या सभेने ठराव केला, की पंचाहत्तरीपुढच्या कुणालाही शिबिराच्या कामाला घ्यायचं नाही. मोठ्यांना सभेत मत नाही, हा नियम आजोबांचाच. तो मी कसा मोडू? प्रमुख म्हणून खाली सही माझी आहे. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही.

तू गोडीगुलाबीने सांग ना. मला त्यांना लिहायचा धीर होत नाही.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.
तुझी ठकू

२१ एप्रिल

चि. ठकूस,

आशीर्वाद, पण आज जरा हात आखडून. अक्षर वेगळं आहे. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई शिलाई मशीन थांबवून लिहिताहेत.

अगं शहाणे, आमच्या घरात पत्रं वाचतं कोण? "फक्त तुला" पासून तुझ्या सहीपर्यंत त्यांनीच मला मोठ्याने वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. चक्कर आल्याचंसुद्धा. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, ठराव बरोबर आहे.

बरोबर आहे तर गप बसा की! पण नाही. दिवसभर अंगणात फेऱ्या. काल दूधवाल्याला रांगेत उभं केलं. रांगेत तो एकटाच. शेवटी मी खनपटीला बसले, तेव्हा बोलले. काढल्याचं दुःख गिळीन म्हणाले. पण ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला आधी बोलावून ऐकायचं आणि मगच हात वर करायचे, हे ते दर वर्षी पहिल्याच दिवशी शिकवत आले. एवढं आयुष्य घातलं आणि पोरांना नेमकं तेवढंच आलं नाही, हे त्यांना खातंय. तक्रार करणार नाहीत. स्वतःसाठी कसं मागू म्हणतात.

तर मी मागते. बोलवा त्यांना, ऐका, मग खुशाल पुन्हा हात वर करा.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच
आजी

५ मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि. हे कोण वाचणार ते या वेळी लक्षात आहे. आजोबा, नमस्कार.

तुझं पत्र सभेत वाचलं. मग मुलांनीच आजोबांना बोलावणं धाडलं. परवा ते उभे राहिले तेव्हा आम्हाला वाटलं, आता बाजू मांडतील. ते म्हणाले, मी पडलो तेव्हा पाणी भरणाऱ्या दोन मुली माझ्यापाशी अडकल्या आणि दुपारपर्यंत कुणाला पाणी मिळालं नाही, ठराव ठेवा. एवढं बोलून बाहेर जाऊन थांबले, मुलांना संकोच नको म्हणून. हात वर करताना एक मुलगी रडत होती, पण तिने हात खाली घेतला नाही. ठराव पुन्हा पास झाला.

सांगायला मी बाहेर गेले. किती हात वर झाले ते त्यांनी विचारलंच नाही. या वेळी सगळ्यांनी नीट ऐकलं ना, एवढंच विचारलं.

तुम्हा दोघांची माया असू द्या.
ठकू

१४ मे

चि. ठकूस,

भरभरून आशीर्वाद. लेखनिक पुन्हा तेच.

हरून आलेला माणूस इतका खूश मी पाहिला नव्हता. पण तिकडे शिबिर सुरू झालं आणि इकडे पुन्हा पायांना भिंगरी. आता म्हणे गल्लीतल्या पोरांची सभा दर रविवारी आमच्या पुढच्या खोलीत भरवायची.

मात्र नवल ऐक. लग्न झाल्यापासून ह्यांच्या बदल्या झाल्या, घरं बदलली. मला कळायचं ते भांडी बांधताना. परवा समोर येऊन बसले आणि म्हणाले, खोली तुझीही आहे, तुझं ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही.

मी म्हटलं, विचार करून सांगते.

तेव्हापासून तळमळताहेत. उत्तर या पत्रात येईल म्हणून पेन सरसावून बसलेत. लिहा हो: येणार नाही.

तुझी आजी