खिळ्यावरचं कार्ड

रविवार, संध्याकाळ. राजुरा.

पल्लवीकडे जर्मनीला जायला चारच दिवस उरले. यांच्या छातीचं दुखणं पाहून पोरीने आम्हा दोघांना विमान-ॲम्ब्युलन्सचं सभासद करून टाकलं. तिकडे काही झालंच, तर डॉक्टरसकट विमान येणार आणि थेट नागपूरच्या दवाखान्यात आणून सोडणार. दोन निळी कार्डं आली, ती मी जपून पर्समध्ये ठेवली होती.

आज पाहते तर यांचं कार्ड दाराजवळच्या खिळ्याला. भोक पाडून, सुतळी ओवून. मी चिडलेच. म्हटलं, "अहो, हे सोबत न्यायचं असते."

"काऊन? खदानीत उतरताना टोकन वरच टांगून जात होतो ना. खिळ्यावर टोकन दिसलं की वरच्याईले समजे, मानूस अजून खालीच आहे. मंगच शोधाले येत."

तीस वर्षं कोळशाखाली काढलेला माणूस. यांना जर्मनीसुद्धा खालीच वाटते की काय? आणि ते विमान म्हणजे खदानीतून वर आणणारी लिफ्ट?

वाऱ्याने कार्ड हलत होतं. पाहता पाहता मीच त्या विमानात बसले. हे आडवे पडलेले, मी खिडकीशी. खाली सागवान, मग वर्धा नदी, मग आमचं दार आणि दाराशी एवढासा निळा ठिपका. यांना सांगतेय, आलं हो घर.

मग मी चिडले कशाला?

कार्डावरचा नंबर मोबाईलमध्ये आहेच. उठले, सुतळीचा तुकडा शोधला आणि माझंही कार्ड त्याच खिळ्याला टांगलं.