माझ्या तोंडी तिचं नाव

कोटरा, भोपाळ
२१ जुलै

प्रिय अप्पू,

हे नाव लिहायला मला तीन कागद लागले. पहिल्या दोन कागदांवर हात सवयीनं 'चि. परीक्षित' लिहून मोकळा झाला, ते फाडले. अप्पू ही तुझ्या बाबांची हाक. मी ती कधी वापरली नाही. एवढं भारदस्त नाव हौसेनं ठेवलंय, ते काय फक्त शाळेच्या दाखल्यापुरतं, असं मी त्यांना म्हणायची. आज वापरते आहे त्याला कारण आहे, आणि ते सांगायला पत्रच बरं. फोनवर मी बोलायला लागले की काय होतं ते तुला माहीत आहे. कागदावर निदान आवाज चढत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी तू मला एक गोष्ट विचारलीस आणि मी 'बघते' म्हणाले. ज्या बाईनं जन्मात कुठल्याही प्रश्नावर बोलायला वेळ मागून घेतला नाही, ती 'बघते' म्हणते म्हणजे तुझ्या केतकीला नवलच वाटलं असेल. पण तुला उत्तर देण्याआधी मैनाबद्दल खरं सांगायला हवं. गेले दोन महिने मी तुझ्याशी खोटं वागते आहे. व्हिडिओ कॉलवर मी तुला मैना नेहमी बसलेलीच दाखवते. ती चालताना दाखवत नाही, कारण ती लंगडते. मागचा डावा पाय. हाड जुळलं आहे, दुखत नाही, पण चालण्यातली ती ओढ राहणार असं डॉक्टर म्हणतात. आणि हे माझ्यामुळे झालं आहे.

पुण्याच्या जुन्या घरमालकानं कुत्री नको म्हटलं म्हणून मार्चमध्ये तू तिला इथे सोडून गेलास तेव्हा सोबत तिची गोधडी होती, एक लहानशी कापडी पिशवी होती आणि तुझ्या बारीक अक्षरातला एक कागद होता. त्यावरचं पहिलंच वाक्य होतं, 'आई, तिच्यावर ओरडू नकोस. तिला समजत नाही असं नाही, तिला भीती वाटते.' खाली लिहिलं होतं, पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे पिशवीत ठेव. ती बसली, हाकेला आली, दारावरची घंटा वाजूनही गप्प राहिली, की लगेच एक दे. मी तो कागद वाचला आणि हसले. तू गाडी वळवून कोपऱ्यावर पोचला नसशील, तोवर कागद फ्रिजवरच्या रद्दीखाली गेला होता.

मी का हसले ते सांगते. तेहतीस वर्षं मी सरकारी कचेरीत काढली आणि दिवाळीतला मिठाईचा डबासुद्धा शिपायाच्या हाती परत पाठवला. आमिष दाखवून करून घेतलेलं काम हे काम नव्हे, हे मी फाटकासमोरच्या युनियनच्या सभांमधून इतक्यांदा गर्जून सांगितलं आहे की ते वाक्य माझ्या रक्तात गेलं आहे. आणि माझ्या घरात एका कुत्रीनं जमिनीवर टेकण्यासाठी तिला पनीर? ही लाच मी देणार नव्हते. तिला कळायला हवं आणि कळून तिनं वागायला हवं, ही माझी तत्त्वनिष्ठा. पुस्तकांनी भिंती भरल्या आहेत रे माझ्या, पण त्यातलं एकही मला हे सांगायला पुढे आलं नाही की तू वेडी आहेस.

मी तिला मारलं नाही. हे मी प्रत्येकाला सांगायची, जसं तुझ्याबद्दल सांगायची. हात कधी उचलला नाही. हाताची गरजच नव्हती. तिनं बाबांच्या मागे उरलेल्या जुन्या कोल्हापुरीचा अंगठा कुरतडला त्या दिवशी मी चप्पल तिच्यासमोर ठेवून दहा मिनिटं बोलले. तुला तो आवाज माहीत आहे. माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. तिनं कान मागे घेतले, नजर खाली केली, दोन-तीनदा ओठांवरून जीभ फिरवली आणि जमिनीला चिकटून बसली. मला फार बरं वाटलं. मंडळातल्या सुमित्राला फोन करून सांगितलं, बघ, मुक्या जनावरालाही स्वतःची चूक कळते, पश्चात्ताप होतो. सुमित्रा म्हणाली, "शालिनीताई, तुमच्यापुढे कोणाला होणार नाही हो?" मी ते कौतुक समजले.

मग रोजच काही ना काही निघायचं. कचऱ्याची बादली उलथली, मैना! गेटवर भुंकली, मैना! हळूहळू असं झालं की मी तिचं नाव फक्त रागावण्यासाठीच घ्यायची. जेवण द्यायला नाव लागत नाही, ताटली वाजली की ती येतेच. मायेनं हाक मारण्याची मला सवय नाही.

मे महिन्यात आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत माझं भाषण होतं. विषय मीच सुचवला होता, 'भयमुक्त बालपण'. हस. तुला हसायचा हक्क आहे. आठवडाभर मी बैठकीच्या खोलीत उभी राहून तयारी करत होते, आणि मी सुरू झाले की मैना दिवाणाखाली जायची. एकदा तिथेच तिनं ओलं केलं. त्याबद्दल मी तयारी थांबवून तिला वेगळं सुनावलं आणि मग मुलांच्या मनातल्या भीतीवरचा परिच्छेद पुढे चालू केला. भाषण गाजलं. दोन बायका रडल्या. संध्याकाळी पुष्पगुच्छ हातात घेऊन मी घरी आले, इतकी खुशीत होते की दारातूनच, पहिल्यांदाच नुसत्या आनंदानं, मी तिला हाक मारली. मैनाऽ! नाव ऐकलं आणि तिनं उभ्या जागी ओलं केलं.

तेव्हासुद्धा मला कळलं नाही, अप्पू. मी वैतागून फडकं आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं, मी बादली घेऊन बाहेर गेले आणि गेट उघडं राहिलं. तेवढ्यात ती निसटली. तासभर मी गल्ल्या धुंडाळल्या आणि शेवटी जवाहर चौकात पोह्यांच्या गाडीपाशी ती दिसली. मी रस्त्याच्या या बाजूला, ती त्या बाजूला. तिनं मला पाहिलं. तिची शेपटी हलली, एकदा, हे मी शपथेवर सांगते. ती माझ्याकडे येणार होती. मग मी हाक मारली. पूर्ण आवाजात, कारण मी घाबरले होते, आणि घाबरले की माझ्या गळ्यातून तोच एक आवाज निघतो. ती नाव ऐकून वळली आणि उलट्या दिशेला, सरळ गाड्यांमध्ये पळाली. एका मोटारसायकलची धडक बसली. ती चालवणाऱ्या मुलाची चूक नव्हती. ती तीन पायांवर फरपटत एका उभ्या लोडिंग ऑटोखाली शिरली, आणि मी वाकून जितक्या हाका मारत गेले तितकी ती आत आत सरकत गेली.

तिला पिंकीनं बाहेर काढलं. पिंकी म्हणजे आपल्या समोरच्या ओळीतली, चौकातल्या जनावरांच्या दवाखान्यात काम करते. दवाखान्याचं शटर उघडायला आली होती. तिनं मला पाहिलं, ऑटोखाली पाहिलं आणि म्हणाली, "आंटी, आप चुप हो जाइए. एकदम चुप." चाळीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मंत्र्यांनीही नाही. मी गप्प झाले. ती मुलगी भर चौकात धुळीत बसली, मैनाकडे पाठ करून, आणि मागे न बघता आपल्या डब्यातल्या पनीरचा एकेक तुकडा टाकत राहिली. बोलली नाही, हाक मारली नाही. ऑटोवाल्याला तिनं खुणेनंच थांबवलं, तोही बिचारा विडी ओढत उभा राहिला. सव्वा तास लागला. मग मैनाचं नाक तिच्या कोपराला लागलं.

दवाखान्यात पायाला प्लास्टर चढत असताना मैना माझ्याकडे बघून ओठ चाटत होती. मी पिंकीला म्हणाले, बघ, पळून गेल्याची लाज वाटते आहे तिला. पिंकीनं मान वर न करता सांगितलं, "माफ़ी नहीं माँग रही है आंटी, डर रही है. आपसे." कान मागे, नजर खाली, जीभ ओठांवर, या सगळ्याचा अर्थ एवढाच की मला इजा करू नका. घरी आल्यावर रद्दीखालून तुझा कागद काढला. तुझं सातवं कलम अगदी हेच होतं. तू लिहून दिलं होतंस आणि मी वाचून हसले होते.

त्या रात्री मला मैना दिसत नव्हती, तू दिसत होतास. पाचवीतला. तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा, गणेशोत्सवातली वक्तृत्व स्पर्धा. दुसऱ्या परिच्छेदाशी तू अडलास आणि मी पहिल्या रांगेतून सगळ्यांदेखत ओरडले, परीक्षित! तू मान खाली घातलीस. ओठांवरून जीभ फिरवलीस. एकदा, दोनदा. घरी जाताना स्कूटरवर, आमच्या दोघांच्या मध्ये बसून, तू रस्ताभर 'चुकलो आई, चुकलो' म्हणत होतास आणि मला वाटत होतं, चला, मुलाला जाणीव झाली. बाबा त्या दिवशी घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "शालू, तो चुकला नव्हता. विसरला होता." मी त्यांना अर्धा तास समजावलं की यात फरक कसा नाही.

तुझ्या लग्नाच्या वेळी केतकी मला हसत हसत म्हणाली होती, "आई, त्याला पूर्ण नावानं हाक मारू नका ना, तो दचकतो." मला राग आला होता. आता आलेली पोर मला माझ्या मुलाचं नाव शिकवणार! कॉलेजात गेल्यापासून तू सगळ्यांना अप्पू म्हणायला सांगतोस, हे मला तुझ्या मित्रांकडून कळलं होतं. मला तो पोरकटपणा वाटायचा.

पिंकी रोज संध्याकाळी कामावरून येताना अर्धा तास थांबते. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की मैना हे नाव माझ्या तोंडून आता चालणार नाही, ते नासलं आहे. म्हणून मी जिभेनं 'टक्' असा आवाज करते. आवाज केला की पनीरचा तुकडा, बदल्यात काही मागायचं नाही. ना बस, ना ये. नुसतं टक् आणि तुकडा. सुरुवातीला तोंडात शब्द दाटून यायचे. एकदा न राहवून मी तिला समजवायला लागले तेव्हा पिंकी म्हणाली, "आंटी, इसको भाषण नहीं, पनीर चाहिए." अकराव्या दिवशी मैना दिवाणाखालून स्वतःहून बाहेर आली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

आणि लाचेचं म्हणशील तर, पोळ्या लाटताना एकदम ध्यानात आलं. लाच आधी देतात आणि वाकडं काम करवून घेतात. हे काम झाल्यावर मिळतं, सरळ कामाचं. याला पगार म्हणतात. दुसऱ्यांच्या पगारासाठी मी रस्त्यावर बसले, लाठ्या खाल्ल्या, आणि घरातल्या एका जिवाकडून फुकट राबवून घेत होते, वर त्याला तत्त्व म्हणत होते. आणि तुझा पगार? तू चौथीत पहिला आलास तेव्हा मी म्हणाले होते, यात विशेष काय, यायलाच हवं होतं. बघ, पुन्हा मी स्वतःविरुद्धच सभा घ्यायला लागले. थांबते.

आता तू विचारलंस त्याबद्दल. केतकीचे दिवस ऑगस्टच्या मध्यावर भरतात, तिला आई नाही, ती पुन्हा कामावर जाईल तेव्हा बाळ माझ्याजवळ राहावं, म्हणून मी कायमचं पुण्याला यावं. आणि बाळाला नाव मी सुचवावं, असं तुम्हा दोघांना वाटतं. मला यायचं आहे. इतकं यायचं आहे की त्याच लोभानं मी हे सगळं दडपून टाकणार होते, आणि तुला ते कदाचित कधी कळलंही नसतं. नाव मात्र मी सुचवणार नाही. दोन नावं माझ्या तोंडी नासली, तिसरं तुम्हीच ठेवा. आणि बाळ माझ्यापाशी ठेवायचं की नाही, ते माझ्या शब्दांवर ठरवू नकोस, माझे शब्द नेहमीच चांगले असतात. नव्या घराच्या मालकानं मैनाला परवानगी दिली आहे म्हणालास, म्हणजे तू तिला न्यायला येशीलच. आलास की बेल वाजवू नकोस. गेटपाशी उभा राहून खिडकीतून बघ. संध्याकाळी सहा वाजता मी तिला बोलावते. माझ्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. तिचे कान कुठे आहेत, शेपटी कुठे आहे, ती ओठ चाटते का, हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. ती कशी येते ते पाहा, आणि मग ठरव.

तुझीच,
आई

ता. क. काल, ती झोपेत आहे असं समजून, मी तिचं नाव अगदी हळू घेऊन पाहिलं. तिनं एक कान उचलला. पळाली नाही.