उंची कळव

रत्नागिरी, गुरुवार, ४ एप्रिल १९८५

ह्यांचं मस्कतहून पत्र आलं. मे महिन्यात येताना स्वयंपाकघरासाठी काय आणू, असं विचारलंय. खाली ओव्हन जोडलेली चार बर्नरची उभी शेगडी, की ओट्यावर वेगळी शेगडी आणि ओव्हन भिंतीत बसवायचा? भिंतीतला असला की वाकावं लागत नाही म्हणे. पण तो छातीच्या उंचीवर हवा, म्हणून शेवटी लिहिलंय, "तुझी उंची किती ते कळव."

अकरा वर्षं झाली लग्नाला. उंची कळव! माझ्या झंपराचं माप शिंप्यालासुद्धा पाठ आहे.

संध्याकाळी तुकाराम गवंडी ओट्याचं काम आवरताना म्हणाला, "वैनी, भिंतीत खण ठेवायचा की नाय? आजच सांगा, उद्या गिलावा करतो."

"नको ठेवूस. जमिनीवर उभी राहते तीच आणायला सांगते."

रागानंच बोलले. आता वाटतंय, कंबर माझीच दुखते, वाकायचं टळलं असतं. आणि एकटीला चार बर्नर तरी कशाला? पण उंची मुळीच कळवणार नाही.

माझं 'नको' ऐकून तुकाराम म्हणाला होता, "बरं, वरची फळी दादांच्या हाताला येईल अशी मारतो. दादा केवढे उंच हो?"

"एवढे," म्हणत मी हात डोक्याच्या वर नेला. मग आणखी जरा वर. मग पुन्हा खाली. तो पेन्सिल घेऊन भिंतीशी उभा होता, आणि हात कुठे थांबवावा ते मला कळेना.