गाण्यांमधली मोकळी जागा

४ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझं अक्षर आता डॉक्टरांसारखं झालंय असं तू लिहितेस. जन्मभर लोकांना चष्मे लावून दिले, त्यांना माझं अक्षर लागायचं. तुलाच लागत नसेल तर चूक चष्म्याची आहे.

पाच खोकी पाठवतोय, घाबरू नकोस. माझा सगळा जॅझ आहे त्यात. महिनाअखेरीस मी तुझ्या भाचीकडे कायमचा राहायला जातोय. जावईबापूंनी मला अख्खी खोली दिली आहे, पण फळी एकच, आणि तीही माझ्या औषधांनी आधीच काबीज केली आहे. शिवाय सीडीच्या डिस्काही म्हाताऱ्या झाल्या. काहींना कडेने तपकिरी डाग पडलेत, प्लेअर एकाच सुरावर अडकून बसतो. तू आवाजाच्याच धंद्यात आहेस, तेव्हा सगळ्याच्या फाइली करून एका हार्ड डिस्कवर घालून दे. अल्बममधला गाण्यांचा क्रम तेवढा मोडू नकोस. अल्बम क्रमानेच ऐकायचा असतो हे तुला लहानपणी चिमटे काढून शिकवलंय. डिस्का परत पाठवू नकोस. ठेवणार कुठे?

आता मुख्य गोष्ट. सर्वांत वरच्या खोक्यात घरी केलेल्या काही डिस्का आहेत, पांढऱ्या, वर माझं ते प्रसिद्ध अक्षर. आपला दातांचा डॉक्टर त्याच्याकडच्या दुर्मीळ रेकॉर्डी रविवारपुरत्या उसन्या द्यायचा. माझ्या प्लेअरची वायर कॉम्प्युटरला बसेना, म्हणून मी स्पीकरसमोर स्टुलावर माइक ठेवून त्या उतरवून घेतल्या. असे बरेच रविवार गेले. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही हा माझा दंडक. मी खोलीकडे पाठ करून स्क्रीनवरच्या काट्याकडे बघत बसायचो आणि तुझी वहिनी मागच्या खुर्चीत पोरांच्या वह्या तपासत बसायची. दंडक तिने कधी मोडला नाही. अल्बम संपला की मात्र संपले का तुमचे भोंगे, असं विचारून उठायची.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. हल्ली मी बाकी काही ऐकत नाही, एवढ्याच डिस्का ऐकतो. यांच्यावर जास्त जीव लाव. का ते समक्ष भेटीत सांगेन, लिहायला बसलं की हात थांबतो.

तब्येतीला जप. स्टुडिओत उपाशीपोटी बसू नकोस.

तुझा,
दादा

१८ मार्च

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

झालं बाबा एकदाचं! या पत्राबरोबरच्या छोट्या डब्यात तुझं अख्खं आयुष्य आहे. पाच खोकी आली तेव्हा स्टुडिओतल्या लोकांना वाटलं मी घर बदलतेय. महिनाभर माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाला कप ठेवायला जागा नव्हती.

विकतच्या डिस्कांचं काम सोपं होतं. दिवसा सिरियलमधल्या रडणाऱ्या बायकांच्या मागचे पंखे आणि मोटारी पुसायच्या आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर तुझे सॅक्सोफोनवाले चालू ठेवायचे. डाग पडलेल्या डिस्का ओल्या फडक्याने पुसून, फुंकर मारून, विनवण्या करून चालवल्या. क्रम कुठेही मोडलेला नाही. चिमटे अजून आठवतात.

पण खरी मेहनत तुझ्या पांढऱ्या डिस्कांवर घेतली आहे. दादा, काय रे ते रेकॉर्डिंग! पियानोमागे अख्खं घर वाजतंय. खुर्च्या करकरतायत, दार आपटतंय, आणि तुझा तो सिगारेटी ओढायच्या काळातला खोकला! हळुवार गाणं आलं रे आलं की ठसका. तू जास्त जीव लाव म्हणालास, म्हणून मी मशीनवर सोडून न देता सुट्टीच्या दिवशी येऊन एकेक ठसका हाताने उपटून काढला. पियानोला जराही धक्का लागू दिला नाही. दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागा आम्ही न ऐकता सरसकट पुसतो, तशा त्याही पुसल्या. आता ऐकशील तर वाटेल वाजवणारे तुझ्याच खोलीत बसलेत. इतकं सुंदर काम मी पोटासाठीही कधी केलेलं नाही. वहिनी असती तर म्हणाली असती की भोंगे आता स्वच्छ झाले.

विकतच्या डिस्का एका संगीतशाळेला दिल्या, पोरं खूश आहेत. पांढऱ्या कुणाच्या कामाच्या नव्हत्या, त्या प्लॅस्टिकवाल्याला देऊन टाकल्या.

ऐकून लगेच कळव. शाबासकी हवी आहे, पाठीत धपाटा घातलास तरी चालेल. माया आहेच, तिच्यावर धूळ बसू देऊ नकोस.

तुझी,
खारूताई

२ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

फाइली मिळाल्या. काम फार छान झालंय. कुठेही खरखर नाही. तू एवढे कष्ट घेतलेस, सुट्टीसुद्धा घालवलीस. शाबास.

इथे सगळं ठीक. जास्त लिहीत नाही, डोळे थोडे दुखतायत.

तुझा,
दादा

९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय. त्यांनी मला शपथ घातली होती, पण त्यांच्याकडे बघवत नाही आणि तुझ्यापासून लपवणंही जमत नाही. रागावू नकोस, दोघांपैकी कुणावरच.

हार्ड डिस्क आली त्या दिवशी बाबा सकाळपासून दाराशी घुटमळत होते. आल्याबरोबर हेडफोन घालून बसले. मी चहा घेऊन गेले तर ते पुढे सरकवून, मागे सरकवून काहीतरी शोधत होते. दुसरी फाइल लावली, तिसरी लावली. सगळ्या झाल्या. मग हेडफोन काढून त्यांनी वायरीची नीट गुंडाळी केली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी विचारलं तर म्हणाले की काम उत्तम झालंय. जेवायला आले नाहीत.

चार दिवसांनी बोलले. त्या डिस्कांवरचा खोकला बाबांचा नव्हता, आत्या. आईचा होता. वर्गातल्या खडूच्या धुळीने तिला घरीही ठसका लागायचा बघ, दोनदा खोकायची आणि मग घशातल्या घशात छोटंसं हं करायची. बाबांच्या दंडकापायी ती बोलायची नाही, पण ठसका काही दंडक मानत नाही. आई गेल्यापासून बाबा रोज तेच ऐकत होते. ती मागच्या खुर्चीत आहे असं वाटतं, म्हणाले.

आईच्या आवाजाचं आमच्याकडे दुसरं काहीच नाही. फोटो काढणारी कायम तीच, व्हिडिओ म्हटलं की स्वयंपाकघरात पळायची. तिचा फोनही मीच बदलायला दिला, त्यात सगळं गेलं. तेव्हा कुणाला सुचतंय?

तू मुद्दाम केलं नाहीस हे बाबा पुन्हा पुन्हा सांगतात. म्हणतात, मी जीव लाव म्हणालो आणि तिने लावला, तिचं काय चुकलं? डिस्का कुठे असतील तर बघ ना, आत्या. एकच मिळाली तरी पुरे.

तुझी लाडकी,
भाची

२१ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

मला सगळं कळलंय. पोरीला बोल लावू नकोस. तुझं ते शाबास मी पाकिटासकट फाडून टाकलं.

दादा, कुठून सुरुवात करू? पत्र मिळाल्या मिळाल्या मी प्लॅस्टिकवाल्याच्या गोदामात गेले. त्याने मला यंत्र दाखवलं आणि त्याच्यापुढचं पोतं दाखवलं. नखाएवढे चकचकीत तुकडे. मी त्यात हात घातला. तो बिचारा म्हणाला की ताई, बोटं कापतील, आणि खुर्ची आणायला गेला. मी तिथे बसून किती रडले ते सांगत नाही.

वहिनीचा ठसका मी ओळखायला हवा होता. माझ्या बाळंतपणात महिनाभर ती माझ्या उशाशी झोपली होती. पण हेडफोन घातले की माझ्यासाठी माणसं राहत नाहीत रे, नको असलेले आवाज तेवढे उरतात. आणि तू तरी एक ओळ का लिहिली नाहीस? सांगायला लाजलास ना? भांडायचंय मला तुझ्याशी, पण कुठल्या तोंडाने भांडू?

आता नीट वाच. आमचं मशीन पुसलेला आवाज फेकून देत नाही, तो कचरा म्हणून वेगळ्या फाइलीत ठेवतं. दर आठवड्याला तो आम्ही रिकामा करतो. तुझ्या बाकी सगळ्या डिस्कांचा तसाच गेला. शेवटच्या डिस्कचा, त्या पियानोवाल्या बाईच्या अल्बमचा, तेवढा राहिला, कारण ती मी दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर केली होती आणि तिथला कचरा कुणी रिकामाच केला नाही. सोबत पाठवतेय. यात संगीत नाही. मी काढलेलं सगळं जिथल्या तिथे आहे आणि मध्ये शांतता. ठसके आहेत. गाण्यांमधल्या जागाही आहेत. तुला ऐकू यावं म्हणून आवाज बराच वाढवलाय. मी स्वतः ऐकलेलं नाही. मला तो हक्क नाही असं वाटलं.

हे ठसके पियानोत परत बसवून हवे असतील तर सांग, बसवून देईन. बाकीच्यांचं मी काहीच करू शकत नाही, दादा.

माया उरली असेल तर कळव.

तुझी,
खारू

६ मे

चि. खारूताई हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

उरली असेल तर, असं परत लिहिलंस तर पूर्वीसारखा चिमटा काढीन. तू रडलीस ते ऐकून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. इतके दिवस मी एकटाच रडत होतो.

तुझी फाइल ऐकायला माझी आठवडाभर हिंमत झाली नाही. शेवटी एका दुपारी घरात कुणी नसताना लावली. बराच वेळ काहीच नाही. मग ठसका. दोनदा, आणि ते हं. पियानो नसताना तो इतका उघडा वाटला की मी हेडफोन काढले. तिला असं एकटीला खोकताना कधी ऐकलंच नव्हतं. पुन्हा घातले. पहिलं गाणं संपायची जागा आली, आणि मला गुणगुणणं ऐकू आलं.

अगदी बारीक, नाकातल्या नाकात. आधी वाटलं तुझ्या हातून संगीत थोडं राहून गेलंय. मग तू साफ केलेली फाइल शेजारी लावून बघितली. खारू, ती चाल दुसऱ्या गाण्याची होती. पहिलं संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी, त्या रिकाम्या जागेत, तुझी वहिनी दुसऱ्याची सुरुवात गुणगुणत होती. पुढच्या जागेत तिसऱ्याची. मग चौथ्याची. एक सूर दर वेळी चुकवायची, आणि तोच चुकवायची.

पुढे काय येणार हे ज्याला अल्बम पाठ आहे त्यालाच माहीत असतं. डॉक्टरचा तो अल्बम उतरवून घ्यायच्या आधी मी कितीतरी रविवार मागून आणला होता आणि सारखा लावायचो. मला वाटायचं ती सहन करतेय. भोंगे म्हणायची ना! मी खोलीकडे पाठ फिरवून बसलेला, आणि मागे ती माझ्याबरोबर ऐकत होती. पांढऱ्या डिस्कांवर मला हे कधी ऐकू आलं नव्हतं, इतकं ते बारीक होतं. तू ते उचलून मोठं केलंस. इतकी वर्षं मी एका घरात राहून एकटा जॅझ ऐकला असं समजत होतो. तिला एकदाही विचारलं नाही की तुला यातलं कुठलं आवडतं. आता विचारायला कुणी नाही, आणि याचं दुःख ठसके गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आणखी एक आहे. शेवटचं गाणं संपतं, त्यापुढे काही नाही, अल्बम संपला. तिथेही ती गुणगुणते. मला कळेना ही कसली चाल. दोनदा ऐकल्यावर ओळखली. पहिल्या गाण्याची आहे. तिला पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं होतं. तेवढ्यात खट्ट असा आवाज येतो आणि सगळं थांबतं. ते मी बटण दाबलं.

ठसके परत बसवू नकोस. आहे तसंच राहू दे. मी दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या आहेत. तिचं गुणगुणणं संपून ते खट्ट झालं की मी तुझं ते स्वच्छ केलेलं पहिलं गाणं लावतो.

सुट्टी काढून इकडे ये. हेडफोन एकच आहे, पण आपण आळीपाळीने ऐकू.

तुझा,
दादा