एक्सेप्ट की अ‍ॅक्सेप्ट

३ मार्च, सोमवार.
ठरलं. रोज इंग्रजी शब्दांची एक फसवी जोडी पाठ. तसं माझं इंग्रजी चांगलंच आहे, म्हणून तर प्रभुलिंगअण्णांनी टॉवेल कारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे दिला. पण कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं. ३१ तारखेला संपतंय. पुढचं वर्ष मिळायलाच पाहिजे. घर ह्याच पगारावर चालतं.

४ मार्च.
जोडी: लूज आणि लूज. स्पेलिंगमध्ये एक ओ म्हणजे गमावणे, दोन ओ म्हणजे ढिला. सोपं. एका जोडीला अख्खा दिवस कशाला? उद्यापासून दहा.

६ मार्च.
ऊन फार. दहा जमल्या नाहीत. एकही नाही.

१० मार्च, दुपारी.
बेल्जियमच्या पीटरसाहेबांची मोठी ऑर्डर. अण्णा म्हणाले, सगळ्या अटींसकट मंजूर म्हणून कळव. मंजूरला एक्सेप्ट की अ‍ॅक्सेप्ट? एक्सेप्ट टाकलं. कॉम्प्युटरनं खाली लाल रेघ मारली नाही. म्हणजे बरोबर.

१२ मार्च.
साहेब विचारतात, आमची ऑर्डर सोडून तुम्हाला काय हवंय? बेल्जियमवाल्यांचं इंग्रजी कच्चं दिसतं. तेच वाक्य पुन्हा पाठवलं, कॅपिटलमध्ये.

१५ मार्च.
ऑर्डर हातची गेली. अण्णांनी डिक्शनरी उघडून पुढे सरकवली. एक्सेप्ट म्हणजे 'वगळून'. मी म्हणालो, आपल्याकडं दोन्ही सारखंच ऐकू येतं की. अण्णांनी डिक्शनरी मिटून कपाटात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च.
साहेबांना माफीची मेल केली. तुमच्यासारखं गिऱ्हाईक आम्हाला गमावायचं नाही, असं लिहिलं. घाईत दोन ओ पडले. आम्हाला तुम्हाला ढिलं करायचं नाही, असं गेलं.
उत्तर आलं, मेल करू नका. बहुतेक फोन करा म्हणत असावेत. हिंमत झाली नाही.

२२ मार्च.
बायकोनं, सोनमनं विचारलं, तुमी जेवत का न्हाय, कामावर काय झालंय का? म्हणालो, वजन कमी करतोय. ती लई खूश. लगेच ताटातली अर्धी भाकरी काढून घेतली. भूक होती.

२८ मार्च.
अण्णा नजर देत नाहीत. पुढचं वर्ष तोंडानं मागायची छाती नाही. लेखीच मागितलं. इंग्रजीत, म्हणजे सुधारणाही दिसेल. अवघड शब्द एकही घेतला नाही. एवढंच लिहिलं, की मला कॉन्ट्रॅक्टवर पुन्हा सही करायची आहे. री म्हणजे पुन्हा, साइन म्हणजे सही. दोन्ही जोडून एक शब्द केला. ह्यात चुकायला जागाच नाही.

३१ मार्च, संध्याकाळी.
अण्णांनी सगळ्यांसमोर बोलावलं. खांद्यावर चादर घातली, हातात नारळ दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, गुरप्पा, तुला काढायचं म्हणून मला घास गिळवत नव्हता, तू आपणहून राजीनामा दिलास, लई मोठं मन हाय तुझं.
री आणि साइनच्या मधे आडवी रेघ लागते म्हणे. जोडून लिहिलं की राजीनामा होतो.
सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.
नारळ काखेत धरून मीही वाजवल्या.