तेलविहिरीचं खारं पाणी

पुणे, २० जानेवारी २०२५

ती. वसंतमामांस,
वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून हे पत्र. तुमचा केयूर नोकरी करतो ती नागपूरच्या मिहानमधली कंपनी आमच्या गुंतवणूक कंपनीकडे भांडवल मागायला आली आहे. जुन्या तेलविहिरीत उरलेलं तेल नुसत्या पाण्यानं ढकललं, तर पाणी वाट काढून पुढे पळतं आणि तेल मागेच राहतं. म्हणून ही मंडळी पाण्यात एक रासायनिक भुकटी मिसळून ते पिठल्यासारखं दाट करतात. पंचवीस कोटी गुंतवायचे की नाही, याची शिफारस मला दहा फेब्रुवारीच्या बैठकीत करायची आहे. केयूर माझा मामेभाऊ असल्याचं मी साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, मग तू दुप्पट कडक राहशील.

आकडे इतके सुरेख आहेत की मलाच भीती वाटते. तुम्ही कोराडीच्या वीजकेंद्रात तीस वर्षं पाणी तपासलंत. साहेबांची परवानगी घेऊन केयूरनं केलेल्या चाचणीच्या पद्धतीचं पान सोबत पाठवते. एवढं नजरेखालून घाला. मामीला नमस्कार. लोभ पिठल्याइतकाच दाट राहू द्या.

तुमची वैदेही

नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. वैदेहीस अ. उ. आ.

पान मिळून आठवडा झाला. उत्तर लगेच सुचलं होतं, लिहवत नव्हतं.

केयूरनं भुकटी डीएम पाण्यात, म्हणजे क्षार पार काढून टाकलेल्या पाण्यात, घोळली आहे. बॉयलरला कणभर क्षार चालत नाही, म्हणून कोराडीत आम्ही सगळं त्याच पाण्यात करायचो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनालासुद्धा मी त्याला नळाचं पाणी वापरू दिलं नव्हतं. प्लांटमधून बाटली भरून आणली होती. पण तेलविहिरीतलं पाणी खारं, आणि खाऱ्या पाण्यात ही भुकटी दाटपणा सोडते. पोरानं लबाडी केलेली नाही गं. बापानं शिकवलं, तेच इमानेइतबारे केलं.

सांगावं तर त्याची नोकरी जाईल, न सांगावं तर तुझी पत. तुझ्या मामीनं विचारलं, काहून दोन पोळ्यांवर उठून राहिले जी? शेवटी काल, रविवारी, जेवताना केयूरला म्हटलं, तुले मीच चुकीचं शिकवलं गा. तो मान खाली घालून ऐकत राहिला. एक शब्द बोलला नाही. मला फार वाईट वाटलं.

तू विहिरीच्याच पाण्यात चाचणी माग. आमचा विचार करू नकोस. आपली माया यातूनही टिकावी, एवढंच मागणं.

वसंतमामा

पुणे, १३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सात तारखेला मिळालं. पण केयूरची मेल एकतीस जानेवारीलाच आली होती, तुम्ही त्याच्याशी बोललात त्याच्या दोन दिवस आधी! विहिरीवरून दोन कॅन पाणी मागवून त्यानं स्वतःच चाचणी पुन्हा केली होती. दाटपणा चौथा हिस्साही उरला नाही. खाली त्यानं लिहिलं होतं, पद्धत माझी, चूक माझी. तुमचं नाव कुठेच नाही. त्याचे संचालक इतके भडकले की त्याला काढायलाच निघाले होते.

पंचवीस कोटी नाकारले गेले. शिफारस मीच तशी केली. मात्र खारं पाणी सोसणारी भुकटी एका विहिरीवर वर्षभर तपासायला दोन कोटी मिळाले, तेही एका अटीवर: प्रत्येक पानावर सही केयूरची हवी. त्यामुळे त्याची नोकरी राहिली. पण रविवारी तो गप्प का बसला, हे मला कळेना. विचारून बघा. आणि भाचीवर राग धरू नका.

तुमची वैदेही

नागपूर, २२ फेब्रुवारी २०२५

चि. वैदेहीस अ. उ. आ.

राग कसला? तू नीट केलंस.

काल केयूर विहिरीवर जायला निघाला, तेव्हा स्टेशनवर त्याला विचारलं. तो म्हणाला, बाबा, जन्मात पहिल्यांदा तुम्ही आपली चूक कबूल करून राहिले होते, मधात कायले बोलू?

गाडी सुटायच्या आत मी त्याची बाटली भरून आणली, स्टेशनच्या नळाच्या पाण्यानं.

बाकी खुशाली. आणि हो, मला फोनवर ऐकू येत नाही, हे खरं आहे. सोमवारी सदरच्या दवाखान्यात कान दाखवायला जातो. तोवर पत्रानंच माया करत राहा.

वसंतमामा